विश्वस्त होण्याआधी अनुसूची-१ चा उतारा मागून घे

वाचकाचा प्रश्न

पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी, वीस वर्षांची एक मुलगी लिहिते : अकरावीपासून मी एका संस्थेत स्वयंसेवक म्हणून जाते. संस्था मुलांसाठी शनिवार-रविवार अभ्यासवर्ग घेते आणि एक अभ्यासिका चालवते. विश्वस्त मंडळात सगळे साठीच्या पुढचे आहेत. अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी ठेवा, वर्गासाठी दोन-तीन टॅब घ्या, असं आम्ही किती वेळा सांगितलं, पण ‘बघू’च्या पुढे काही सरकत नाही. मध्यंतरी एका विश्वस्तांचं निधन झालं. आता सचिव म्हणतात, ‘तुझं नाव घालून टाकू. आधार-पॅनच्या झेरॉक्स दे आणि दोन ठिकाणी सह्या कर.’ मला आनंद झाला. आत गेले तर काही बदलता येईल, समाजकार्याच्या एम.ए.ला प्रवेश घेताना उपयोग होईल, आणि शिक्षण झाल्यावर याच संस्थेत पूर्णवेळ काम करायची माझी इच्छा आहे. बाबांना मात्र हे पटत नाही. ते म्हणतात, विश्वस्त झालीस की कोर्टाच्या फेऱ्या मागे लागतील. माझ्या वयात विश्वस्त होता येतं का? आणि व्हावं का?

उत्तर

होता येतं. १८ वर्षं पूर्ण झालेली, स्वतःच्या सहीने करार करू शकणारी व्यक्ती विश्वस्त होऊ शकते आणि विद्यार्थी असणं त्याच्या आड येत नाही. फक्त तुमच्या संस्थेच्या घटनेत (म्हणजे नियमावलीत) किंवा न्यासपत्रात (ट्रस्ट डीडमध्ये) जास्त वयाची किंवा ठरावीक वर्षांच्या सभासदत्वाची अट आहे का, एवढं पाहावं लागेल.

व्हावं का, याचं उत्तरही ‘हो’ असू शकतं. पण आज आणि या पद्धतीने नाही. तुझ्या पत्रात मला सगळ्यात खटकलं ते ‘नाव घालून टाकू’. सचिवांच्या मनात काही वाईट असेलच असं नाही. लहान संस्थांमध्ये मंडळ पुरं करायची घाई असते, माणसं मिळत नाहीत, आणि वर्षानुवर्षं काम करणारी विश्वासू मुलगी समोर दिसते. तरीही विश्वस्ताचं नाव असं ‘घातलं’ जात नाही. ते रीतसर निवडलं किंवा नेमलं जातं, आणि त्या रीतीत चूक राहिली की त्रास नव्या माणसाला होतो.

तेव्हा आधी तुमची संस्था कोणत्या प्रकारची आहे ते बघ. महाराष्ट्रात हे बहुधा नोंदणी क्रमांकावरून कळतं. क्रमांकाआधी ‘एफ’ असेल तर ती १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालची सोसायटी. तिची नोंदणी दोनदा झालेली असते, एकदा संस्था म्हणून आणि दुसऱ्यांदा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट, म्हणून. ‘ई’ असेल तर बहुधा न्यासपत्रावर उभा असलेला ट्रस्ट. दोन्हींवर देखरेख धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची, पण विश्वस्त होण्याचा रस्ता वेगवेगळा.

सोसायटीत विश्वस्त म्हणजे कार्यकारी मंडळाचे सदस्य, आणि ते साधारणपणे सभासदांमधून निवडले जातात. स्वयंसेवक असणं म्हणजे सभासद असणं नव्हे. चार वर्षं दर शनिवारी वर्ग घेतलास तरी सभासद नोंदवहीत नाव नसेल तर तुला सर्वसाधारण सभेत मतही नाही. आधी सभासदत्वाचा अर्ज, मग मंडळाने तो मंजूर केल्याचा ठराव, वर्गणीची पावती, नोंदवहीत नाव, असा हा क्रम आहे. वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली तर १८६० च्या कायद्याच्या कलम १५ नुसार मत देता येत नाही आणि सभासद म्हणून मोजलंही जात नाही. निवडणुकीनंतर कुणी हरकत घेतली की पहिला घाव इथेच बसतो. म्हणून वर्गणीची पावती जपून ठेव.

ट्रस्टमध्ये नेमणूक कुणी करायची हे न्यासपत्रात लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी उरलेले विश्वस्त ठराव करून रिकामी जागा भरतात. काही न्यासपत्रांत एखादी जागा संस्थापकाच्या कुटुंबासाठी राखलेली असते. कमीत कमी आणि जास्तीत जास्त विश्वस्त किती, मुदत किती वर्षांची, हेही तिथेच सापडेल. ज्यांचं निधन झालं त्यांची जागा राखीव असेल तर ती तुला देताच येणार नाही.

रीत पाळली गेली आहे की नाही हे तपासायला सोपं आहे. सभेची नोटीस विषयपत्रिकेसह निघते आणि त्यात विश्वस्त नेमणुकीचा विषय स्पष्ट लिहिलेला असतो. ती घटनेत दिलेल्या दिवसांच्या आधी सर्वांना पोचल्याचा पुरावा ठेवला जातो. सभेला गणसंख्या (कोरम) असते, सूचक-अनुमोदकांसह ठराव होतो आणि इतिवृत्तात त्याची नोंद होते. मग तू संमतीपत्र देतेस. त्यानंतर, बदल घडल्यापासून ९० दिवसांच्या आत, १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे (पुढची कलमंही याच कायद्याची) अनुसूची-३ च्या नमुन्यात धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे सगळे ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात तो, दाखल करायचा. त्याला नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, ठरावाची प्रत, हजेरीपत्रक, तुझं संमतीपत्र, ओळखीचे पुरावे आणि प्रतिज्ञापत्र जोडतात. मृत विश्वस्तांचं नाव कमी करायला मृत्यूचा दाखलाही लागतो.

सचिव ज्या ‘दोन सह्या’ मागताहेत त्या बहुधा संमतीपत्रावरच्या आणि प्रतिज्ञापत्रावरच्या असतील. त्यात गैर काही नाही. पण त्याआधी सभा झाली पाहिजे. न झालेल्या सभेचं इतिवृत्त लिहून ‘तूही हजर होतीस असं दाखवू’ असं कुणी म्हणालं तर सही करू नकोस. प्रतिज्ञापत्रावर खोटं लिहून देणं किरकोळ चूक ठरत नाही आणि सही तुझी असते.

आता अनुसूची-१. धर्मादाय कार्यालयाच्या या नोंदवहीत प्रत्येक न्यासाचं नाव, विश्वस्तांची नावं, मालमत्ता यांची नोंद असते आणि शुल्क भरून तिचा प्रमाणित उतारा मिळतो. तो मागून घे आणि त्यावरची नावं प्रत्यक्ष सभेला बसणाऱ्या माणसांशी ताडून बघ. कितीतरी संस्थांमध्ये उताऱ्यावर दहा-पंधरा वर्षांपूर्वीची नावं असतात. त्यातले काही वारलेले, काहींनी केव्हाच राजीनामा दिलेला. मधल्या काळातले चेंज रिपोर्ट एकतर दाखलच झालेले नसतात किंवा हरकतीत अडकून पडलेले असतात. अशा संस्थेत तुझी नेमणूक म्हणजे तुटलेल्या साखळीला जोडलेला नवा दुवा. ज्यांनी तुला नेमलं त्यांचीच नोंद नसेल तर तुझ्या नेमणुकीला आव्हान देणं सोपं होतं. बँकही मंजूर बदल अर्ज आणि ताजा उतारा पाहिल्याशिवाय खात्यावरच्या सह्या सहसा बदलत नाही. हरकत नसलेला अर्ज तुलनेने लवकर निकाली निघतो, पण दोन गट एकमेकांविरुद्ध अर्ज घेऊन उभे राहिले की ते प्रकरण वर्षानुवर्षं चालतं. उतारा आणि प्रत्यक्ष मंडळ जुळत नसेल तर तुझी पहिली मागणी एवढीच असावी : ‘आधी जुने बदल अर्ज पूर्ण करू, मग माझं बघू.’ या कामात मदत करायला विश्वस्तपद लागत नाही. फायली लावणं, जुन्या पावत्या शोधणं, वकिलांना प्रती पोचवणं तू आजही करू शकतेस, आणि त्यातून संस्थेची जी ओळख होईल ती दहा सभांना बसूनही व्हायची नाही.

दुसरा कागद गेल्या तीन वर्षांच्या ऑडिट रिपोर्टचा. आकडे कळत नाहीत म्हणून बरेच नवे विश्वस्त तो उघडतच नाहीत. आकडेमोड बाजूला ठेव आणि आधी ताळेबंदासोबतची लेखापरीक्षकाची प्रश्नोत्तरं वाच. याच अधिनियमाखालच्या १९५१ च्या नियमांतला नियम १९ त्यांना ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यायला लावतो : हिशेब नियमित ठेवले आहेत का, हातातली रोख आणि व्हाउचर तपासणीच्या दिवशी हिशेबाशी जुळली का, जंगम-स्थावर मालमत्तेची नोंदवही आहे का, उद्देशाबाहेर पैसा खर्च झाला का, वर्षापेक्षा जास्त जुनी येणी किती आणि त्यातली किती सोडून दिली, मोठ्या दुरुस्तीसाठी निविदा मागवल्या का, विश्वस्तांची किमान-कमाल संख्या पाळली आहे का, सभा घटनेप्रमाणे होतात का, इतिवृत्त पुस्तक आहे का, कुणी विश्वस्त संस्थेचं देणं लागतो का, किंवा संस्था कुणा विश्वस्ताचं देणं लागते का, आणि मागच्या वर्षी दाखवलेल्या त्रुटी दुरुस्त झाल्या का. नव्या माणसाने विचारायचे प्रश्न कुणीतरी आधीच तयार करून ठेवले आहेत आणि त्यांची उत्तरं सहीशिक्क्यानिशी कपाटात पडून आहेत!

यातल्या दोन उत्तरांवर थांब. एक, जुन्या त्रुटी. तीन वर्षं ओळीने तीच त्रुटी लिहिलेली असेल तर मंडळ ऑडिट वाचत नाही असा सरळ अर्थ. दुसरं, संस्था विश्वस्ताचं देणं लागते का. लहान संस्थांत अध्यक्ष किंवा सचिव अडीनडीला स्वतःच्या खिशातून पैसे घालतात आणि ते हिशेबात ‘विश्वस्तांकडून उसने’ म्हणून दिसतात. हेतू चांगलाच असतो. पण कलम ३६अ प्रमाणे न्यासासाठी कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि बिनव्याजी उसनवारही पुढे वादाचं कारण ठरू शकते. हे लिहिलेलं दिसलं तर कुणावर संशय घेऊ नकोस. रक्कम किती, कधीपासून आणि फेडीचा ठराव आहे का, एवढं विचार.

ताळेबंदात ३१ मार्चची हातातली रोख शिल्लक बघ. बँक खातं असलेल्या संस्थेत मोठी रक्कम रोख दिसत असेल तर ती कुणाच्या ताब्यात असते, हे विचारायलाच हवं. गुंतवणूक कलम ३५ मध्ये बसणारी हवी, म्हणजे ठरावीक बँका, पोस्ट, सरकारी रोखे. ‘ओळखीच्या पतसंस्थेत दोन टक्के जास्त मिळतात’ म्हणून ठेवलेली ठेव बुडाली की प्रश्न मंडळातल्या सगळ्यांना विचारला जातो. संस्थेची स्वतःची जागा असेल तर हेही माहीत असू दे की ती विकायची, बक्षीस द्यायची किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर कलम ३६ खाली आधी मंजुरी लागते. शेतजमिनीच्या भाडेपट्ट्याला ही मर्यादा दहा वर्षांची आहे.

कागद मागायची भीड वाटेल, हे मला कळतं. आजोबांच्या वयाची माणसं, त्यांच्याकडे हिशेब कसा मागायचा? तर असं सांग : ‘काका, जबाबदारी घ्यायची तर समजून घ्यायची आहे. घटना, उतारा आणि तीन वर्षांचे ऑडिट मला आठवडाभर वाचायला द्याल का?’ चांगल्या संस्थेला अशा मागणीचा आनंद होतो. टाळाटाळ झाली, किंवा ‘तुझा विश्वास नाही का?’ असं ऐकावं लागलं, तर तुझा निर्णय बराचसा तिथेच झाला.

आता तुझ्या अपेक्षेकडे येऊ. आत गेलं की बदल होईल, असं तुला वाटतं. अभ्यासिका रात्री दहापर्यंत का उघडी राहत नाही, हे तुला नक्की माहीत आहे का? ‘बघू’ म्हणणारी माणसं दर वेळी जुनाट विचारांची असतात असं नाही. बऱ्याचदा त्यांच्यासमोर निर्णय घेता येईल असं काही ठेवलेलंच नसतं. रात्री दहा म्हणजे कुलूप कुणी लावायचं, विजेचं बिल किती वाढेल, मुली घरी कशा जाणार, मोठं माणूस कोण थांबणार, जागेच्या मालकाची हरकत आहे का. टॅब म्हणजे पैसे कुठल्या निधीतून, ठेवायचे कुठे, फुटला तर काय, कुणाच्या सहीने बाहेर जाणार. हे सगळं एका पानात मांडून, दोन दुकानांची दरपत्रकं जोडून, सभेच्या नोटीसआधी सचिवांकडे दिलं तर तो विषयपत्रिकेवर येणारा प्रस्ताव होतो. तोंडी सांगितलेलं इतिवृत्तात उतरत नाही. त्यात ‘तीन महिने, फक्त परीक्षेच्या काळात, आठवड्यातून चार दिवस’ अशी मर्यादा घातलीस तर होकाराची शक्यता वाढते, कारण नको झालं तर थांबवता येतं.

आणि विश्वस्त झालीस तरी सात किंवा नऊ जणांतलं तुझं मत एकच. शिवाय सभेचा बराच वेळ ऑडिट, आयकराची नोंदणी आणि तिचं नूतनीकरण, गळकं छत, कर्मचाऱ्याची रजा यात जातो. मुलांबरोबरच्या कामात तुला जो आनंद मिळतो तो तिथे क्वचितच मिळेल. विश्वस्तपद ही स्वयंसेवकाची बढती नाही, वेगळं काम आहे. ते तरुणांनी करू नये असं मी अजिबात म्हणत नाही. उलट ज्या मंडळात सगळे साठीपुढचे आहेत तिथे तरुण विश्वस्त फार गरजेचा आहे. संस्थेच्या वर्गात चार वर्षं मुलांसमोर बसलेली व्यक्ती मंडळात असेल तर निर्णय नक्कीच सुधारतील. पण ते काम कसलं आहे हे माहीत असलेली विश्वस्त त्यांना हवी, फक्त रिकामी जागा भरणारी नको.

तुझ्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तू शेवटी, जाता जाता लिहिली आहेस : याच संस्थेत पूर्णवेळ काम करायचं आहे. विश्वस्त झालीस तर तो रस्ता बराच अरुंद होतो. न्यासपत्रात स्पष्ट तरतूद नसेल तर विश्वस्ताने संस्थेकडून पगार किंवा मानधन घेणं अडचणीचं ठरतं. कलम ४१ड मध्ये विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करण्याची जी कारणं दिली आहेत त्यात, विश्वस्तपदाशी विसंगत असं पद संस्थेत स्वीकारणं, हेही एक आहे. आयकर खातं विश्वस्तांना आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेल्या रकमांकडे वेगळं लक्ष देतं. वाजवीपेक्षा जास्त दिलं असं ठरलं तर संस्थेची करसवलत धोक्यात येते. म्हणजे उद्या समन्वयकाची पगारी जागा निघाली तर तुला आधी राजीनामा द्यावा लागेल, आणि तरीही ‘स्वतःसाठीच जागा काढली’ असं लोक म्हणतील. एम.ए.नंतर इथेच नोकरी करायची हे पक्कं असेल, तर माझं मत सरळ आहे : विश्वस्त होऊ नकोस. स्वयंसेवक राहा, उपसमितीत काम कर आणि शिकून कर्मचारी म्हणून ये. प्रवासखर्चासारखा प्रत्यक्ष झालेला खर्च बिल-व्हाउचर देऊन घेण्यात विश्वस्तालाही अडचण नसते. ती गोष्ट वेगळी.

हाच विचार घरच्यांबाबतही करायचा. भावाचं झेरॉक्सचं दुकान असेल आणि संस्थेचं छपाईचं काम तिथे जात असेल, तर विश्वस्त म्हणून ते सभेत सांगायचं, त्या विषयावर मत द्यायचं नाही आणि दोन्ही गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्यायच्या.

प्रवेशाचं म्हणशील तर समाजकार्याच्या मुलाखतीत ‘विश्वस्त’ या शब्दाने फारसं काही होत नाही. तू कोणतं काम केलंस आणि त्यातून काय कळलं, हे विचारतात. तिथे चार वर्षांचे वर्ग तुला पुरेसे आहेत.

बाबांची भीती निराधार नाही, पण ती जरा चुकीच्या जागी आहे. प्रामाणिकपणे, चर्चा करून, नोंद ठेवून घेतलेला निर्णय पुढे चुकला म्हणून सहसा कुणी गुन्हेगार ठरत नाही. विश्वस्त अडकतात ते वेगळ्या कारणांनी : हिशेब आणि विवरणं सतत वेळेवर न देणं, धर्मादाय कार्यालयाचे आदेश न पाळणं, कर्तव्याकडे सतत दुर्लक्ष करणं, आणि अर्थात पैशाचा अपहार. यातलं ‘दुर्लक्ष’ नव्या, तरुण विश्वस्ताला सगळ्यात जास्त लागू होतं. ‘मी नुसती नावाला होते, सगळं सचिव बघायचे’ हा बचाव होत नाही. ती जवळजवळ दुर्लक्षाची कबुलीच ठरते. निष्काळजीपणामुळे न्यासाचं नुकसान झालं तर ते जबाबदार व्यक्तीकडून भरून घेण्याचीही तरतूद कायद्यात आहे. मुलं येत असलेल्या संस्थेत आणखी एक गोष्ट असते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ते ‘संस्थेची बदनामी नको’ म्हणून आतल्या आत मिटवता येत नाही. तुमच्याकडे मुलांच्या सुरक्षेचं लेखी धोरण आहे का, आणि दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आहे का, हे विचार. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याने स्वयंसेवकही कर्मचाऱ्यांत मोजले जातात, हे कित्येक मंडळांना माहीत नसतं.

काळाचाही हिशेब मांड. मुदत तीन किंवा पाच वर्षांची असते. तुझी पदवी दीड-दोन वर्षांत संपेल, एम.ए. कदाचित दुसऱ्या शहरात. कित्येक घटनांमध्ये ओळीने तीन सभांना गैरहजर राहिलं तर पद जातं, आणि तसं नसलं तरी तुझ्या गैरहजेरीने गणसंख्या मोडू शकते. स्पर्धा परीक्षांचा विचार असेल तर सरकारी नोकरीत गेल्यावर संस्थेतलं निवडून आलेलं पद ठेवण्याआधी आचरण नियम बघावे लागतात. संस्था परदेशी देणगी घेत असेल तर पदाधिकारी म्हणून तुझी माहिती केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जाते आणि बदल झाला की तिथेही कळवावं लागतं.

माझ्या मते तुझ्यासाठी मधला रस्ता सगळ्यात चांगला आहे, आणि तुझ्यासारख्या बहुतेक विद्यार्थ्यांसाठीही. सचिवांना सांग की एक वर्ष निमंत्रित म्हणून सभांना बसायचं आहे. मत नसेल, सही नसेल, पण विषयपत्रिका मिळेल आणि बोलता येईल. घटनेत मनाई नसेल तर मंडळ साध्या ठरावाने हे करू शकतं. सोबत अभ्यासवर्गांसाठी एक उपसमिती मागून घे : दोन विश्वस्त, दोन स्वयंसेवक, एक पालक, आणि ठरावीक रकमेपर्यंत खर्चाचा अधिकार. संस्था सोसायटी असेल तर आजच सभासदत्वाचा अर्ज कर म्हणजे पुढच्या निवडणुकीला तू पात्र असशील. वर्षभरात एक अंदाजपत्रक, एक ऑडिट आणि एक वार्षिक सभा तुझ्यासमोरून जाईल. मग जागा रिकामी असेल आणि तुला हवी असेल तर घे. या वर्षात मंडळाला जागा भरणं भागच असेल, किमान संख्या घसरली असेल, तर त्यांना दुसरं कुणी शोधू दे. मंडळाची निकड हा तुझ्या होकाराचा आधार होऊ शकत नाही.

सगळे कागद नीट निघाले, नोकरीचा विचार तू बदललास आणि आत्ताच हो म्हणालीस, तर काही गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळ. कोऱ्या धनादेशावर सही करायची नाही, परीक्षा असो की परगावी असो. आयकर किंवा बँकेचा ओटीपी फोनवर सांगून टाकायचा नाही, आधी कशासाठी ते विचारायचं. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचल्याशिवाय कायम करायचं नाही. एखादा निर्णय पटला नाही तर तोंडी नापसंतीला अर्थ नसतो. ‘माझा विरोध नोंदवा’ म्हणायचं आणि पुढच्या सभेत तो नोंदवला आहे का ते बघायचं. मार्चअखेरीनंतर सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हायला हवं, म्हणून ऑगस्टमध्येच सीएंना काय काय लागतंय ते विचारायचं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात व्हाउचर शोधत बसायची वेळ येते ती पावत्या वर्षभर पिशवीत साठवल्यामुळे. दोन हजारांपेक्षा जास्त देणगी रोख आली तर देणगीदाराला करसवलत मिळत नाही, हे वर्गातल्या स्वयंसेवकांनाही सांगून ठेव, कारण पावती पुस्तक घेऊन बहुधा तेच फिरतात.

आणि कधी सोडावंसं वाटलं तर राजीनामा लेखी दे, अध्यक्षांकडून तारखेसह पोच घे आणि तो मंजूर झाल्याच्या ठरावाची प्रत माग. तुझं नाव कमी करण्यासाठीही ९० दिवसांत बदल अर्ज जायला हवा. तो दाखल झाला का ते दर पंधरा दिवसांनी विचार. संस्थेने चालढकल केली तर राजीनाम्याची आणि पोचेची प्रत स्वतः धर्मादाय कार्यालयात आवक क्रमांकासह दे. नंतर नवा उतारा काढून त्यावर आपलं नाव उरलेलं नाही याची खात्री कर, आणि तू विश्वस्त होतीस त्या वर्षांची इतिवृत्तं आणि ऑडिट यांच्या प्रती तुझ्याकडे ठेव. त्या काळाबद्दलचे प्रश्न राजीनाम्यानंतरही विचारले जाऊ शकतात.